शिंकं अस्वलाला पुरत नाही

मांजरापासून दूध-लोणी वाचवायला घराच्या आढ्याला शिंकं टांगतात. रानात मुक्कामाला जाणारेही तेच करतात: शिदोरीची पिशवी फांदीला अडकवली की निर्धास्त. मेळघाटात, चिखलदऱ्यापासून वैराटपर्यंतच्या (१,१७८ मीटर) डोंगरपट्ट्यात हा हिशेब चुकतो. इथलं अस्वल मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढतं, आणि वानरांना तर झाड म्हणजे अंगणच. शिंक्याने अडतात ती कुत्री, कोल्हे आणि रानडुकरं. उंदीर दोरीवरून उतरून येतो.

पुढचं सगळं वनखात्याने परवानगी दिलेल्या मुक्कामाच्या जागेपुरतं आहे. व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही.

अस्वलाची नजर आणि कान बेताचे, पण नाक भारी. वारुळाच्या पोटातली वाळवी ते वासावर हुडकतं. म्हणून आधी वास कोंडायचा, उंचीचं नंतर बघू. त्यासाठी झाकणाला लोखंडी पट्टा आणि आत रबरी रिंग असलेला निळा ड्रम घ्यावा. कोरडा शिधा माणशी दिवसाला साधारण ६५० ग्रॅम लागतो आणि दोन लिटर जागा खातो. चौघांच्या तीन दिवसांना आठ किलोच्या आसपास शिधा होतो, त्याला ३० लिटरचा ड्रम पुरतो. निघण्याआधी रिकामा ड्रम बंद करून पाण्याच्या टाक्यात दाबून धरा. बुडबुडे आले तर रिंग बदला. रिंग चांगली असूनही वास सुटतो तो बहुधा खाचेत अडकलेल्या पिठाच्या कणांमुळे, म्हणून दर वेळी ती खाच ओल्या फडक्याने पुसायची. भाकरी किंवा रोडगे गरम असताना आत टाकले तर वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी. तिळाची चटणी, ठेचा, सावजी मसाला आणि सुकट हे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून मग ड्रममध्ये. नुसती प्लास्टिकची पिशवी वास थोपवत नाही, थोडा उशीर करते एवढंच. आणि तेलकट हाताने ड्रम बंद केला की बाहेरूनच आमंत्रण, मग आत कितीही घट्ट असो.

हा ड्रम अस्वलाने मनावर घेतलं तर टिकेलच असं नाही. अमेरिकेत अस्वलांसाठी बनवलेले डबे जिवंत अस्वलांपुढे ६० मिनिटं टाकून तपासतात. आपला ड्रम त्या परीक्षेला बसलेला नाही. त्यामुळे अंतर पाळायचं. तंबूपासून निदान ६० मीटर, म्हणजे ऐंशीएक पावलं, आणि वारा तंबूकडून ड्रमकडे वाहील अशा बाजूला. चूलही तिकडेच. दोन दगडांच्या बेचक्यात ड्रम पक्का बसवा, दरीच्या काठाशी नको. ढकलला तर गडगडत जाईल. दोरीने बांधू नका, जनावराला ओढायला आयती मूठ मिळते. पायवाट, नाला, पाणवठा आणि वारूळ टाळा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली मुक्काम करणं म्हणजे अस्वलाच्याच पंगतीत जाऊन बसणं.

ड्रम नसेल तर टांगण्यावाचून इलाज नाही, पण शिंक्यासारखं नाही. पिशवी जमिनीपासून ४ मीटर वर, खोडापासून २ मीटर लांब आणि फांदीच्या दीड मीटर खाली हवी. फांदी पिशवी पेलेल पण अस्वल पेलणार नाही इतपतच जाड. सहा मिलिमीटरची १५ मीटर दोरी पुरते. दोरीचं दुसरं टोक खोडाला बांधतात तिथेच फसगत होते: नखात दोरी अडकून तुटली की पिशवी खाली. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं! दोन सारख्या वजनाच्या पिशव्या दोन्ही टोकांना बांधून तोलल्या तर खोडाला दोरी लागतच नाही. उजाडायच्या आत उतरवून घ्या, कारण दिवसाची पाळी वानरांची.

मुंग्यांना साधा उपाय: परातीत पाणी, मधे दगड, दगडावर डबा. डब्याची कड परातीला टेकू द्यायची नाही.

मे-जूनमध्ये आपल्याकडून बरेच जण हिमालयात जातात. तिथे साधारण ३,५०० मीटरच्या वर झाडच नसतं, मग टांगणार कुठे? ड्रम खेचरावर चढवा. काळं अस्वल खालच्या जंगलात. काश्मीर-झंस्कारकडे उघड्या कुरणांवर तपकिरीही असतं. पण रोजचा त्रास देणारे वेगळेच: वाटेत सोबत लागलेली कुत्री, मोकळी खेचरं आणि पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे. कापडी पिशवी त्यांच्यापुढे टिकत नाही.

तंबूत काहीच नको. बिस्किटं तर नकोतच, टूथपेस्ट, खोबरेल तेल आणि खर्र्याची (सुपारी-तंबाखूची) पुडीसुद्धा ड्रममध्ये. खर्रेवाल्यांना हे जड जातं, पण उशाशी पुडी ठेवायची नाही. ज्या कपड्यांत फोडणी दिली ते बदलून झोपा. भांडी विसळलेलं पाणी फडक्यातून गाळा, वरचा गाळ ड्रममध्ये, पाणी लांब पसरून टाका. उरलेलं अन्न पुरू नका, अस्वलाचे पंजे उकरायलाच घडलेले आहेत. ते परत घेऊन या.

पहाटे ड्रमकडे एकट्याने, गुपचूप जाऊ नका. दोघांनी जायचं, बॅटरी लावून, मोठ्याने बोलत. अस्वल अचानक समोर आलं तर बिथरून अंगावर येतं. लांबून आवाज आला की बहुतेकदा वाट सोडतं. ड्रमपाशी असलंच तर शिधा त्याचा समजून मागे फिरा.