तुम्ही विचारलंत म्हणून: सरपंच झाले, मग जात गेली का?

‘तुमच्यातले राष्ट्रपती झाले, मुख्यमंत्री झाले, तुम्ही स्वतः सरपंच झालात, आता जात राहिली कुठं?’ लग्नात, बसस्टँडवर, तहसीलच्या रांगेत, कुठंही कोणी तरी मला हे विचारतंच. विचारणारी माणसं बहुतेक वेळा चांगलीच असतात, म्हणून एकदा नीट सांगते.

नारायणन १९९७ मध्ये राष्ट्रपती झाले. सुशीलकुमार शिंदे २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले. खैरलांजीत दलित कुटुंबाचं हत्याकांड घडलं ते २००६ मध्ये, त्यानंतर. आणि ज्या भंडारा जिल्ह्यात ते घडलं, तिथल्याच पोटनिवडणुकीत १९५४ साली खुद्द बाबासाहेबांना पाडलं होतं.

मला सरपंचपद आरक्षणातून मिळालं, ते मी लपवत नाही. खुर्चीनं काही दिलं नाही असंही म्हणणार नाही. वस्तीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांचे निराधारचे पैसे त्या सहीमुळे सुरू झाले. बँकेत ‘बसा मॅडम’ म्हणू लागले. निवडून आले तेव्हा मीही म्हणत होते, आता गाव बदललं.

माझ्याच काळात गावच्या स्मशानभूमीत टिनाचं शेड झालं. सरकारच्या जनसुविधा योजनेचा पैसा, ठराव माझ्या सहीचा. आमच्या लोकांची जागा वेगळी, नाल्यापलीकडं, उघड्यावर. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेले ते भर श्रावणात, झड लागलेली असताना. मी निरोप पाठवला, त्यांना शेडमध्ये नेतो. थोड्या वेळानं गावातले दोन जाणते अंगणात आले. आवाज जराही न चढवता म्हणाले, “सरपंचबाई, तुमची जागा हाये न तिकडं. कायले नवी रीत पाडता?”

कोणी शिवी दिली नाही, कोणी आडवं आलं नाही. आम्ही नाल्यापलीकडं गेलो. लाकडं ओली. डिझेल ओतलं तरी भडकायचं आणि विझायचं. पोरांनी चार कोपऱ्यांना ताडपत्री धरली, तर धगीनं तिला भोकं पडली आणि पाणी नेमकं मामाजींच्या छातीवर पडू लागलं. पोरं धुरानं खोकत होती, पण एकानंही कोपरा सोडला नाही. अंधार पडेपर्यंत हेच चाललं.

‘मग आदेश का नाही दिला?’ हेही विचारता. अधिकार होता मला. पण दुसऱ्या दिवशी आमच्या बाया निंदणाला त्यांच्याच वावरात जाणार होत्या. त्यांनी मजुरी बंद केली असती तर मी कुठून काम देणार होते? पावसाळ्यात रोजगार हमीचंही काम फारसं नसतं. माझा मुलगा म्हणतो, तेव्हाच भांडायला पाहिजे होतं. मी विचारते, मामाजींना पावसात ठेवून? तो म्हणतो, हो, तसंच. कधी मला त्याचं पटतं, कधी त्याचा भयंकर राग येतो.

पुढच्या वेळी पद खुलं झालं. आमच्यातल्या एकालाही कोणत्याच पॅनलनं सरपंचपदासाठी उभं केलं नाही. शेड मात्र त्यांच्या प्रचारपत्रकात होतं, केलेल्या कामांच्या यादीत.

गावाला एकच स्मशानभूमी असावी, हा विषय मी ग्रामसभेसाठी लेखी दिला आहे. पोच घेतली आहे. विषय अजून चर्चेला आलेला नाही.