ओव्हन नाही, अंडं नाही, तरी नाताळची बिस्किटं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डिसेंबर लागला की इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. घरी ओव्हन नाही, सासूबाईंना अंडं चालत नाही, मुलांना नाताळची सुट्टी लागली आहे आणि त्यांना ती रंगीत, नक्षीची बिस्किटं घरी करायची आहेत. जमतील का? जमतात, आणि चांगली जमतात. फक्त चॉकलेट कुठे बिघडतं आणि आयसिंग का वाहतं, एवढं आधी कळलेलं असावं.

पहिली गोष्ट मैद्याची. न भाजता करायचं म्हणून कच्चा मैदा, लोणी आणि साखर मळून तोच गोळा खायला देणारे व्हिडिओ बरेच फिरतात. तसं करू नका. मैदा दिसायला स्वच्छ असला तरी तो कच्च्या धान्याचं पीठच आहे, आणि त्यातले जंतू आचेवरच मरतात. रव्याचा लाडूसुद्धा आपण रवा भाजल्याशिवाय वळत नाही. इथे भाजण्याचं काम कारखान्यात आधीच झालेलं असतं, म्हणून सुरुवात तयार बिस्किटांपासून करायची. मारी सगळ्यात सोयीचं, कारण ते पातळ, सपाट, गोल आणि कमी गोड असतं. वर साखर आणि चॉकलेट येणारच आहे, त्यामुळे खालचं बिस्किट जितकं फिकं तितकं बरं. ग्लुकोज बिस्किटं चौकोनी घरांसाठी आणि भेटवस्तूंच्या खोक्यांसाठी छान. क्रीमची बिस्किटं मात्र बुडवताना मधून सुटतात.

आता चॉकलेट. दुकानात सांगताना 'कंपाउंड' म्हणून मागा. इंदूरच्या सियागंज बाजाराच्या बाजूला गेलात तर खोबरं, टूटीफ्रूटी, सुका मेवा तिथेच घाऊक भावात मिळेल. कंपाउंडची लादी बेकरीचं सामान ठेवणाऱ्या दुकानात ४००-५०० ग्रॅमची मिळते. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते, त्यामुळे ते वितळवा, बुडवा, की आपसूक घट्ट होतं. खऱ्या कोको बटरचं डार्क चॉकलेट वितळवून सरळ वापरलं तर चकाकी येत नाही आणि हाताला चिकटतं. त्याला आधी ४५ अंशांपर्यंत तापवून, २७-२८ पर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ वर आणावं लागतं. थर्मामीटर आणि हौस असेल तर जरूर करा, चव त्याचीच सरस. पण मुलं भोवती उभी असताना कंपाउंडच घ्या.

२०० ग्रॅम कंपाउंडात साधारण २५ मारी बिस्किटं अर्धी बुडवून होतात. लादी सुरीनं बारीक चिरा. मोठे तुकडे टाकले तर कडेचं करपतं आणि मधलं घट्ट राहतं. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा, गॅस बंद करा, मग त्यावर चॉकलेटचं कोरडं भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. तीन-चार मिनिटं हात लावू नका, मग रबरी उलथन्यानं सावकाश ढवळा. बारीकसे तुकडे शिल्लक असतानाच भांडं उतरवा, आतल्या उष्णतेनं तेही विरघळतील. मायक्रोवेव्ह असेल तर ३० सेकंद लावून बाहेर काढा, ढवळा, पुन्हा ३० सेकंद. पांढरं चॉकलेट असेल तर १५-१५ सेकंदच, कारण ते लवकर करपतं. चॉकलेट बुडवण्याजोगं झालं का, हे बघायला बाळाचं दूध मनगटावर टाकून बघतात तसा एक थेंब टाका. जेमतेम कोमट लागला पाहिजे. गरम चॉकलेट बिस्किटावरून ओघळतं आणि खाली त्याचं थारोळं होतं.

बहुतेकांचं बिघडतं ते पुढच्या क्षणी. वाफेवरचं भांडं उचललं की त्याच्या बाहेरच्या बाजूला पाणी जमलेलं असतं. भांडं तिरकं केलं की ते पाणी काठावरून आत येतं. दोन-तीन थेंब पुरतात. गुळगुळीत चॉकलेट पाहता पाहता खरखरीत होतं आणि त्याचा चिकणमातीसारखा गोळा बनतो. चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण चरबीत तरंगत असतात. थोडंसं पाणी मिळालं की ते कण ओले होऊन एकमेकांना धरतात, जसं पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा गेला की खडे धरतात. म्हणून भांडं उचलल्याबरोबर तळ आणि कडा कोरड्या फडक्यानं पुसायच्या. चमचा कोरडा, बिस्किटं कोरडी, मुलांचे हातही पुसून कोरडे. पातळ करायला दूध नको आणि बटरही नको, कारण बटरमध्ये पाणी असतं. २०० ग्रॅमला बिनवासाचं तेल एक चहाचा चमचा पुरे. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, वास येतो. चॉकलेटला रंग द्यायचा असेल तर तेलात मिसळणारा रंग घ्या, पाण्यातल्या रंगानं तीच गत होते.

एवढं करूनही गोळा झालाच तर टाकू नका. १०० ग्रॅमला तीन-चार मोठे चमचे कडकडीत दूध थोडं थोडं घालत घोटा. भरपूर ओलावा मिळाला की कण पुन्हा सुटतात आणि दाट सॉस तयार होतो. तो बिस्किटावर कडक होणार नाही, पण खाली सांगितलेला गोळा मळायला चालतो.

बुडवायची पद्धत अशी: बिस्किट दोन बोटांत धरून अर्ध्यापर्यंत बुडवा, वर काढा, भांड्याच्या काठावर दोनदा टकटक आपटा, खालची बाजू काठाला निपटा आणि बटर पेपरवर ठेवा. टकटक केल्यानं जादा चॉकलेट गळतं आणि थर पातळ, सारखा बसतो. सजावट लगेच करायची. मालव्याच्या रात्रींचा गारवा, ज्याला शब-ए-मालवा म्हणतात, तो इथे कामाला येतो. डिसेंबरच्या संध्याकाळी चॉकलेट पाच-सात मिनिटांत आवळतं, आणि चकाकी गेली की वर काहीच चिकटत नाही. म्हणून सगळी पंचवीस बुडवून मग सजवायला बसू नका. चार-पाच बुडवा, सजवा, मग पुढची. एक मोठं माणूस बुडवायला आणि मुलं सजवायला, ही वाटणी उत्तम. वडोदऱ्याकडे करणार असाल तर दुपार टाळा, तिथली डिसेंबरची दुपार इंदूरपेक्षा गरम असते.

सजावटीला परदेशी सामान हवंच असं नाही. बर्फासाठी सुक्या खोबऱ्याचा पांढरा बारीक कीस, किंवा राजगिऱ्याच्या लाह्या. लाह्या हलक्या आणि एकसारख्या पांढऱ्या असतात, बर्फ म्हणून त्या मला खोबऱ्याहून जास्त आवडतात. लाल-हिरव्यासाठी टूटीफ्रूटी, ती मात्र आधी कागदावर पसरून कोरडी करून घ्या, पाकाचा चिकटपणा चॉकलेटला मानवत नाही. बडीशेपेच्या रंगीत गोळ्या माळेच्या दिव्यांसारख्या दिसतात. रेनडिअर करायचा तर मारी पूर्ण बुडवा, वरच्या कडेला चकलीचे दोन वाकडे तुकडे शिंगं म्हणून टेकवा, नाकाला लाल टूटीफ्रूटी. चकली बिनतिखटाची घ्या. चॉकलेटमध्ये पाणी नसल्यानं ती मऊ पडत नाही आणि खारट-गोड चव छान लागते. मार्शमॅलो आणि जेली घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा, पुष्कळांत जिलेटिन असतं. चांदीचे कडक गोळे लहान मुलांच्या बिस्किटांवर नकोतच.

दुसरा प्रकार आकारांचा: चांदणी, झाड, घंटा. त्यासाठी २०० ग्रॅम मारीचा चुरा, ४० ग्रॅम दूध पावडर, २ मोठे चमचे कोको, ३० ग्रॅम वितळलेलं बटर आणि १२० ग्रॅम कन्डेन्स्ड मिल्क घ्या. ४०० ग्रॅमच्या डब्याचा तो तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी भाग. चुरा मिक्सरमधून काढून चाळा. जाड कण राहिला की कापताना कड तुटते. कोरडं सगळं एकत्र करा, बटर चोळा, मग कन्डेन्स्ड मिल्क घाला, पण शेवटचे दोन चमचे हातचे राखून. बिस्किटं किती ओलावा पितात हे दर पाकिटाला बदलतं. मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटाला चिकटू नये, पेढ्याच्या खव्यासारखा. पातळ झालाच तर दूध पावडर वाढवा, चुरा वाढवलात तर गोळा भुगा भुगा होतो. दहा मिनिटं झाकून ठेवला की चुरा ओलावा शोषतो आणि गोळा आणखी घट्ट होतो, म्हणून लगेच घाबरून काही घालू नका. दोन बटर पेपरांमध्ये धरून ८ मिलिमीटर जाड लाटा. याहून पातळ केलं तर चांदणीची टोकं उचलताना मोडतात. लाटलेली पोळी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच कापा.

साचे नसले तरी अडत नाही. गोलासाठी वाटी, झाडासाठी शंकरपाळ्याचं कातणं. त्रिकोण कातले की कड आपोआप नागमोडी येते आणि झाडच दिसतं. बुंध्याला बदामाचा काप खोचा. या आकारांना चॉकलेटचं आवरण द्यायचं असेल तर फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर राहू द्या. अगदी गार आकार बुडवला तर वरचा थर क्षणात आवळतो, मग आतला गोळा खोलीच्या उबेनं फुगतो आणि थराला तडा जातो.

आयसिंगची नक्षी हे सगळ्यात नाजूक काम, आणि ज्यांचा हात मेंदी-रांगोळीला बसलेला आहे त्यांना ती सगळ्यात लवकर येते. अंड्याच्या पांढऱ्याशिवाय होतं: १२० ग्रॅम पिठीसाखर, एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर, लिंबाचे चार-पाच थेंब आणि पाणी. पिठीसाखर घरी दळलेली असेल तर मलमलच्या फडक्यातून चाळा, कारण एक कण कोनाच्या टोकाशी अडकला तरी रेघ तुटते. पाणी चहाच्या चमच्यानं मोजा. तीन चमच्यांत दाट आयसिंग होतं, ते रेघेसाठी. चमच्यावरून सोडलेली धार वर तशीच उभी राहिली पाहिजे. त्यातलं अर्धं बाजूला काढून अर्ध्या चमच्यानं सैल करा, ते आत भरण्यासाठी. त्यात सोडलेली धार दहा आकडे मोजेपर्यंत मिसळून सपाट झाली की बरोबर. लवकर मिसळली तर आयसिंग रेघेबाहेर वाहील. थोडी पिठीसाखर घाला. उशीर लागला तर वर धारेच्या खुणा राहतील. पाणी घाला, पण थेंबानं.

कोन मेंदीचा करतो तसाच, जाड प्लॅस्टिकचा किंवा बटर पेपरचा. टोक कापताना केसाएवढंच कापा, मोठं करणं नंतरही हातात आहे. रेघ ओढताना कोन बिस्किटावर टेकवू नका. टोक बोटभर वर धरा, रेघ खाली पडू द्या आणि हात पुढे न्या. घासत नेली की रेघ थरथरते. आधी बाहेरची कड काढा, १५-२० मिनिटं सुकू द्या, मग आतला भाग सैल आयसिंगनं भरा आणि सुईच्या टोकानं बुडबुडे फोडा. रंगासाठी जेलचा खाण्याचा रंग टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच. पातळ रंग घातला की तेवढं पाणी वाढतं. लाल रंग वाळल्यावर गडद होतो, म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवा. लाल आणि पांढरं शेजारी येत असेल तर लाल पूर्ण वाळल्याशिवाय पांढरं भरू नका, नाहीतर सकाळी पांढऱ्यात गुलाबी ओघळ उतरलेले दिसतील.

आयसिंगचा थर पातळ ठेवा, आणि वाळवताना पंख्याखाली सहा-आठ तास उघडंच ठेवा. जाड थराचं पाणी खाली मारीत उतरतं आणि बिस्किट दमट होतं. मधेच मावठा पडला, हवा ओलसर झाली तर वाळवणीला दुप्पट वेळ धरा किंवा त्या दिवशी आयसिंग सोडून चॉकलेटचीच करा. दोन मारींमध्ये जॅम भरायचा असेल तर आतल्या दोन्ही बाजूंना आधी चॉकलेटचं पातळ अस्तर द्या, मग जॅमचं पाणी बिस्किटाला लागत नाही.

चॉकलेटची बिस्किटं फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढली की त्यांच्यावर दव धरतं, साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरे डाग उरतात. खायला हरकत नसते, पण मेहनत वाया जाते. हवाबंद डब्यात, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालून, मारीची बिस्किटं इंदूरच्या थंडीत दहा-बारा दिवस चांगली राहतात. कन्डेन्स्ड मिल्कच्या गोळ्याची बाहेर तीन-चार दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर. ती फ्रीजमध्ये ठेवावीच लागली तर डबा घट्ट बंद ठेवा आणि काढल्यावर अर्धा तास तो उघडू नका, म्हणजे दव डब्यावर धरेल, बिस्किटांवर नाही.

२४ तारखेला शेजारी डबे पोचवायचे असतील तर २१ ला आयसिंगची करा, २२ ला चॉकलेटची, २३ ला गोळ्याची. आणि भांड्याला लागून जे चॉकलेट उरेल त्यात भाजलेले, सोललेले शेंगदाणे आणि थोडा मारीचा चुरा टाका, चमच्यानं छोटे ढीग बटर पेपरवर घाला, वर चिमूटभर खोबरं. १५ मिनिटांत आवळतात. मुलांनी दिवसभर 'एक देना' म्हणत हात पुढे केलेला असतो, त्यांना हे द्या, म्हणजे डब्यातली चांदणी २४ पर्यंत टिकेल.