ड्रमर आला नाही

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज परत ड्रमर आला नाही. साडेचारची प्रॅक्टिस ठरलेली, पावणेपाचला ग्रुपवर मेसेज, "सॉरी रे, पाहुणे आलेत", खाली हात जोडलेला इमोजी. हे पाहुणे गेले तीन रविवार येतायत, एवढे तर आमच्या वास्तुशांतीलापण नव्हते. मग आम्ही तिघांनी गच्चीवरच्या खोलीत लॅपटॉपवर ड्रमचा लूप लावला आणि वाजवत बसलो. आणि खरं सांगू का, बरं वाजलं. लॅपटॉप लय पळवत नाही, मधेच सिगरेटला जात नाही, बिस्किटं संपली म्हणून तोंड वाकडं करत नाही.

येताना गाडीवर डोक्यात एकच बँड होता, ड्रमरऐवजी मशीन वाजवणारा द सिस्टर्स ऑफ मर्सी. हॉस्टेलला असताना एका सिनियरने पेनड्राइव्ह भरून दिला होता, तेव्हा अर्धी गाणी कळली नव्हती पण आवाज डोक्यात बसला तो बसलाच. बँड इंग्लंडमधल्या लीड्सचा. आपल्याला लीड्स म्हटलं की हेडिंग्ली, २००२ची टेस्ट, सचिनचे १९३, त्यापलीकडे काय माहिती असणार. तर त्याच गावात १९८० साली अँड्र्यू एल्ड्रिच आणि गॅरी मार्क्स या दोघांनी स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढून एक सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, छापलं, म्हणे रेडिओवर एकदा स्वतःला ऐकायचं होतं म्हणून. त्यावर ड्रम वाजवले खुद्द एल्ड्रिचने. ऐकलंय मी ते, त्याने ड्रम सोडले हे संगीतावर उपकारच झाले.

पण त्याच्या जागी दुसरा ड्रमर शोधायच्या ऐवजी त्यांनी १९८१ला ड्रम वाजवणारं एक मशीन घेतलं. बॉस कंपनीचं डीआर-५५, छोटीशी डबी, आवाज मोजून चार, किक, स्नेअर, रिमशॉट आणि हाय-हॅट. पॅटर्न आपणच एकेक स्टेप दाबून भरायचा, काही पॅटर्न सोळा स्टेपचे, काही बाराचे. म्हणजे आपला तीनताल आणि एकतालच की, फक्त सम दाखवायला कोणी मान हलवत नाही. आणि या डबीला त्यांनी नाव दिलं डॉक्टर अ‍ॅव्हलांच. बँडमध्ये कोण कोण आहे या यादीत डॉक्टरचं नाव असतं, गंमत म्हणून सुरू झालं असेल पण आजतागायत आहे. मशीन बदलत गेलं, एकाच्या जागी दुसरं, पुढे कॉम्प्युटर, नाव तेच.

मगाशी हेडफोन लावून १९८२चं 'अ‍ॅलिस' परत ऐकलं, फक्त ड्रमकडे लक्ष देऊन. काहीच होत नाही त्यात! पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत हाय-हॅट शिलाई मशीनसारखी चालू, ना कुठे जोर ना कुठे ढील. पण त्यामुळेच त्याच्यावर क्रेग अ‍ॅडम्सचा बेस गुरगुरतो ना तो जास्त जिवंत वाटतो, आणि वर एल्ड्रिचचा आवाज, पहाटे खर्ज लावावा तसा, विहिरीतून आल्यासारखा. माणूस ड्रमर असता तर कोरसला जोर केला असता, मग हे गाणं साधं रॉकचं गाणं झालं असतं. लोक याला गॉथ, म्हणजे काळोख्या उदास रॉकवाले, म्हणतात, एल्ड्रिचला तो शब्द अजिबात चालत नाही, आता काळे कपडे, काळा गॉगल आणि स्टेजवर इतका धूर की बँडच दिसत नाही, एवढं केल्यावर लोकांनी काय भजनी मंडळ म्हणायचं का.

माणसांचं मात्र काही टिकलं नाही. गिटारवाला बेन गन १९८३ला गेला, त्याच्या जागी वेन हसी आला. १९८५च्या मार्चमध्ये पहिला अल्बम आला आणि लगेच गॅरी मार्क्सच बाहेर, ज्याच्याबरोबर बँड काढला तोच. त्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलला मोठा कार्यक्रम झाला तेव्हा स्टेजवर तीन माणसं आणि डॉक्टर. (आम्ही पण तीन आणि लॅपटॉप. बाकी तुलना नको.) त्यानंतर हसी आणि अ‍ॅडम्सपण गेले आणि 'द सिस्टरहुड' नावाने नवीन बँड काढायला निघाले, तर एल्ड्रिचने काय करावं, त्याच नावाने घाईघाईत आधी स्वतःचं सिंगल बाजारात आणलं, १९८६च्या जानेवारीत! नाव गेलं म्हणून त्या दोघांना 'द मिशन' व्हावं लागलं. वर एल्ड्रिचने त्या नावाने अख्खा अल्बमपण काढला, 'गिफ्ट'. इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष. भाऊबंदकीत सातबारा आधी नावावर करून घेणारे काका आपल्याकडे असतात, अगदी तसलं प्रकरण.

मग हा गडी जर्मनीत हॅम्बुर्गला राहून १९८७ला 'फ्लडलँड' घेऊन आला, सोबत बेसवाली पॅट्रिशिया मॉरिसन आणि अर्थातच डॉक्टर. त्यातलं 'धिस करोजन' जवळजवळ अकरा मिनिटांचं, निर्माता जिम स्टाइनमन, मागे न्यूयॉर्कचा चाळीस जणांचा कोरस, म्हणजे अतिरेकाचा कळस, मला पहिल्यांदा ऐकताना चक्क हसू आलं होतं. पण मशीन तसंच निर्विकार चालू असतं खाली, वर देऊळ बांधा नाहीतर पाडा, त्याला फरक पडत नाही. यूकेत ते गाणं सातव्या नंबरला गेलं. १९९०च्या तिसऱ्या अल्बमवर मी फार बोलणार नाही, गिटार फार झाल्या त्यात. १९९२ला 'टेंपल ऑफ लव्ह' इस्रायलची गायिका ओफ्रा हाझाला घेऊन परत केलं, ते तिसऱ्या नंबरपर्यंत चढलं, आणि त्याच वर्षी लीड्सच्याच यॉर्कशायर क्रिकेट क्लबने पहिल्यांदा बाहेरचा खेळाडू म्हणून आपला सचिन घेतला होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला उगाच आवडतं हे.

तिसऱ्यानंतर स्टुडिओ अल्बम नाहीच. रेकॉर्ड कंपनीशी बिनसलं, काही वर्षं एल्ड्रिच संपावरच होता म्हणा. शेवटी करारातून सुटायला १९९७ला त्याने वेगळ्याच नावाने एक अल्बम करून दिला, टेक्नोची घरघर आणि त्यावर त्याचं पुटपुटणं. कंपनीने तो कधी काढला नाही, पण याला सोडलं. आणि त्या अल्बममध्ये ड्रमच नाहीत. सगळी माणसं गेली तेव्हा जो एकटा बरोबर राहिला त्या डॉक्टरला त्याने त्या कचऱ्यात उतरवलंच नाही, असं मी तरी मनाशी धरून चाललोय. अजून टूर करतात, नवीन गाणी फक्त स्टेजवर वाजवतात, डॉक्टर हजर.

आत्ता बघतो तर ड्रमरचा मेसेज, "पुढच्या रविवारी नक्की, आईशप्पथ". निळी टिक गेलीये. रिप्लाय दिला नाही अजून, आजच्या लूपची फाइल तेवढी 'डॉक्टर' नावाने सेव्ह करून ठेवली.