दारातून आत येईल एवढं

सोमवार

वहीचं पहिलं पान आज फाडलं. महिन्यापूर्वी त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: १२२० × २४४०. म्हणजे प्लायचा अख्खा तक्ता, मिलिमीटरमध्ये. घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमानं लाकूड कापणारं मशीन, बांधायचं मनात आलं की आधी हाच आकडा सुचतो. एवढी खटपट करायचीच आहे तर एकदाच मोठं करू, हा त्यामागचा हिशेब. त्या पानावर लाकूड ठेवायचा बेड होता, त्याच्यावरून पुढे-मागे सरकणारी आडवी कमान म्हणजे गॅन्ट्री होती, मोटरीसुद्धा हौसेनं रंगवल्या होत्या.

मुलगी शेजारी अभ्यास करत होती. चित्र बघून म्हणाली, "बाबा, हे दारातून आत कसं येणार?"

टेप घेऊन उठलो. चौकटीच्या आतून ७५० मिमी भरलं.

मंगळवार

आज उलट्या टोकानं सुरुवात केली. मशीनचा विचार बाजूला ठेवला आणि गेल्या दोन वर्षांत लाकडात जे जे केलं त्याची मापं लिहून काढली. खणांचे दर्शनी भाग, नावाच्या पाट्या, दोन स्टुलं, घड्याळाची तबकडी, हत्यारांची पेटी. सगळे मिळून बत्तीस तुकडे. त्यातले एकतीस ६०० × ८०० मध्ये बसतात. उरलेली एक म्हणजे पुस्तकांच्या कपाटाची १८०० मिमी लांब बाजू, आणि तिच्यावरही मशीनचं काम काय, तर फळ्या टेकवायच्या पिनांसाठी एका रांगेत भोकं. तेवढ्यासाठी मी सहापट जागा अडवायला निघालो होतो.

लांब फळी तर सरकवूनही घेता येते. तिच्या टाकाऊ कडेला मशीननंच ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, आणि पुढच्या टप्प्याला फळी सरकवून तीच भोकं बेडवरच्या पिनांत बसवायची. अट एकच: बेडच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला फ्रेमची पट्टी वर आलेली नको. हे लाल पेनानं लिहून ठेवलं. फ्रेम तयार झाल्यावर आठवून उपयोग नाही.

बुधवार

आजचा दिवस मजेत गेला. ५० × ५० ची, ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची ट्यूब पडून होती. दोन स्टुलांवर टेकवली, मध्ये १२०० मिमी अंतर. मधोमध खालून डायल गेज (मिमीचा शंभरावा भाग दाखवणारं काट्याचं मापक) लावला, काटा शून्यावर आणला आणि दोरीनं पाच लिटर पाण्याचा कॅन लटकवला. काटा बारा घरं सरकला. म्हणजे ०.१२ मिमी.

मग स्टुलं जवळ आणली, अंतर ६०० केलं. ट्यूब तीच, कॅन तोच. काटा दीड घर हलला. मला वाटलं गेज अडकला, म्हणून टिचकी मारून पाहिली. तरी दीडच. सूत्र मला पाठ आहे, वाक लांबीच्या घनात वाढतो, लांबी दुप्पट केली की वाक आठपट. पण पाठ असणं वेगळं आणि तो काटा तिथंच थांबलेला बघणं वेगळं. दोन-तीनदा कॅन काढून परत लटकवला, उगाचच.

टेबलावर माझ्या पहिल्या मशीननं कापलेली चकती अजून आहे. ६० मिमीची असायला हवी होती. एका बाजूनं ६०.० भरते, दुसऱ्या बाजूनं ५९.४. ते मशीन एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबीव बोर्डाचं) होतं आणि गॅन्ट्री १२ मिमीच्या दोन गोल दांड्यांवर चालायची, ६०० मिमी लांब, आधार फक्त टोकांना. तेव्हा मी सॉफ्टवेअरला नावं ठेवली, मोटरींवर संशय घेतला, सेटिंग शंभरदा बदललं. स्पिंडलला, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटरीला, बोटानं ढकलून मात्र एकदाही पाहिलं नाही.

गुरुवार

काही नाही. घरी यायला उशीर झाला.

शुक्रवार

गॅन्ट्रीसाठी आधी १०० × ५० ची ट्यूब उभी ठेवायचं ठरवलं होतं. उभी ठेवली की वरचा भार छान पेलते. पण टूल लाकडात शिरल्यावर जोर वरून कमी, आडवा जास्त. शिवाय टूलचं टोक ट्यूबच्या बरंच खाली लोंबत असतं, त्यामुळे ते ट्यूबला पिळतं. लांब दांड्याच्या पान्यानं नट फिरवावा तसं. पिळाला बंद ट्यूब टिकते, उघडा सी-चॅनल त्यापुढे अगदीच लेचापेचा. म्हणून १०० × १०० ची चौकोनी बंद ट्यूब, तीही स्टीलची. स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ, आणि वजनालाही तितकंच जड. पण गॅन्ट्रीची लांबी आता ८०० च्या आसपासच आहे, तेव्हा वजन झेपेल.

याच कारणानं झेडची, म्हणजे टूलच्या वर-खाली प्रवासाची, हाव सोडली. कागदावर गॅन्ट्रीखाली २०० मिमी मोकळं ठेवलं होतं. का, ते आता आठवत नाही. मी कापतो ते १८ मिमीचं प्लाय. गॅन्ट्रीखाली ९० ठेवतो, झेडचा प्रवास १२०. एखादा उंच जॉब आलाच तर बेडचा पुढचा भाग काढता येईल असा करायचा, म्हणजे फळी उभी धरून तिच्या टोकाला सांधाही पाडता येईल.

शनिवार

बॉल स्क्रूचा, म्हणजे फिरून मशीन सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्याचा हिशेब, सकाळभर. १८,००० आरपीएम, दोन धारांचं टूल, दर धारेला ०.१ मिमीचा कपचा, म्हणजे मिनिटाला ३,६०० मिमी फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) हवा. त्याहून हळू चाललं तर टूल कापण्याऐवजी घासतं, लाकूड काळं पडतं. (घरभर तो जळका वास मागच्या मशीननं पुरेसा दिला आहे.)

आता १६ मिमीचा, ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा) स्क्रू अख्ख्या तक्त्यासाठी २६०० मिमी लांब घेतला, तर साधारण २३० आरपीएमच्या पुढे तो दोरीउडीच्या दोरीसारखा झोके घेऊ लागेल. म्हणजे फीड मिनिटाला जेमतेम १,१५० मिमी. मोठ्या मशीनला रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि चाक) का लावतात ते इथं उलगडलं. १००० मिमीचा तोच स्क्रू १५०० आरपीएम सहज सोसतो. एक्स (डावीकडे-उजवीकडे) आणि वायला (पुढे-मागे) मात्र १० मिमी लीड घेणार. ३,६०० च्या फीडला स्क्रू ३६० आरपीएमवरच फिरेल. स्टेपर मोटरचा (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरचा) जोर वेग वाढला की ओसरतो, तिला हे बरं. एका फेऱ्यात २०० स्टेपची मोटर म्हणजे एका पूर्ण स्टेपला ०.०५ मिमी, मायक्रोस्टेपनं त्याहून बारीक. लाकडाला पुष्कळ झालं. झेडला ५ चाच. वायला दोन्ही बाजूंना स्क्रू आणि मोटर, आणि दोन्हीकडे सुरुवातीची जागा कळवणारा होम स्विच, नाहीतर गॅन्ट्री एकदा तिरकी झाली की सरळ कशी आणायची?

रविवार

पुठ्ठ्याचं मशीन केलं, खऱ्या मापाचं. कापायची जागा ६०० × ८००, पण स्पिंडलच्या प्लेटची रुंदी, दोन बाजूच्या प्लेटा, गॅन्ट्रीचे पाय, बाहेर आलेल्या मोटरी असं करत बाहेरचं माप ८६० × ११५० झालं. मोटरीच्या वायरींसाठी मागं हात जाईल एवढी फट सोडली तरी कोपऱ्यात बसतं.

आणि ८६० दारातून जात नाही. मुलगी चौकटीपाशी हाताची घडी घालून उभीच होती. मी पुठ्ठा कुशीवर उभा केला. मशीनची उंची ४८० आहे. आडवं करून, तिरकं न करता, दोन्हीकडे मोकळी जागा ठेवून आत गेलं. खऱ्या मशीनची गॅन्ट्री मात्र आधी उतरवावी लागेल. चार-चार बोल्ट, आणि परत तिथंच बसावी म्हणून दोन डॉवेल पिना. ड्रॉइंगमध्ये लगेच घातल्या.