कोळसा संपल्यावर उरलेली जमीन: आधी माती, मग गवत, झाडं सगळ्यात शेवटी

चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन १९९९ पासून मुंबईच्या बाजूला वीज आणते आहे. त्या लाइनच्या पलीकडच्या टोकाला खुल्या कोळसा खाणी आहेत आणि त्यांच्या कडेला उपसलेल्या दगडमातीचे डोंगर. खाणीवरची माणसं त्याला ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतात. दर पावसाळ्यात मुंबईतल्या कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी असल्या जमिनींवर रोपं लावायला जातो. पैसा देणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘रोपं किती?’ खरं तर आधी विचारायला हवं, ‘वरची माती कुठे आहे?’

खाण उघडताना सर्वात वरचा तीस-एक सेंटिमीटरचा थर वेगळा काढायचा असतो. गवताचं बी, बुरशी, जिवाणू, गांडुळं सगळं त्यातच असतं. हा थर दहा मीटर उंच रचून वर्षानुवर्षं ठेवला, की आत हवा जात नाही आणि माती मरते. ढीग दोन-तीन मीटरच्या वर नेऊ नये, त्यावर लगेच ताग किंवा धैंचा पेरावा आणि जमेल तितक्या लवकर तो तयार उतारावर पसरावा. वर्धा खोऱ्यातली काळी माती ओली असताना हलवली तर तिचा लगदा होतो आणि वाळल्यावर विटेसारखी कडक होते. म्हणून हे काम जानेवारी ते मे या काळातच उरकायचं.

हिशेब साधा आहे. एका हेक्टरवर ३० सेंटिमीटर थर म्हणजे ३००० घनमीटर माती, दहा घनमीटरच्या टिपरच्या ३०० खेपा. याउलट ४५ सेंटिमीटरचे २५०० खड्डे भरायला सव्वादोनशे घनमीटर पुरतात. स्वस्त पडतं, म्हणून खड्ड्यात चांगली माती आणि भोवती दगड असा प्रकार सर्रास होतो. दोन वर्षं रोप छान वाढतं. मग मुळं खड्ड्याच्या भिंतीला लागतात, कुंडीतल्यासारखी गोल फिरतात आणि तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात झाड वाळतं. तोवर फोटो काढून झालेले असतात.

दुसरा घात होतो दाबल्या गेलेल्या जमिनीने. साठ-शंभर टनांचे डंपर फिरलेल्या पृष्ठभागावर पहार मारली तर ती टणकन उडते. शेवटचा एक-सव्वा मीटरचा थर सैल ओतावा आणि डोझर त्यावरून एकदाच, हलका फिरवावा. सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग दिसायला नीटनेटका, पण पाणी त्यावरून नुसतं वाहून जातं. खडबडीत ठेवलेला बरा. आधीच दाबली गेली असेल तर भर उन्हाळ्यात, समपातळी रेषेवर, डोझरच्या रिपरने, म्हणजे मागच्या लोखंडी दात्याने, ६० ते ९० सेंटिमीटर फाडावी. ओली असताना फाडली तर चिकणमाती फुटत नाही, नुसती सारवली जाते. तपासणी सोपी आहे: ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे अजून झाड लावू नका.

ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांच्या आत ठेवायचा दंडक आहे. जनावरं चढावीत-उतरावीत असं वाटत असेल तर १८ अंशांच्या आसपास आणावा. पायथ्याशी दगडी भिंत आणि भोवती चर हवाच, नाहीतर पहिल्याच जोराच्या पावसात गाळ नाल्यात जातो.

काळपट शेल, म्हणजे चिकणमातीचा पापुद्र्यांचा खडक, वर राहू देऊ नये. तो हवेत तापतो, कधी धुमसतो आणि त्यात पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर आम्ल सुटतं. पाण्याच्या वाटेवर नारिंगी-पिवळा राप दिसला की समजावं. पायराइटमधलं गंधक १ टक्का असेल तर हजार टन मालाला सव्वाएकतीस टन चुनखडी लागते. त्यापेक्षा असा माल आधीच खोल गाडलेला परवडतो.

आता गवत. पहिले दोन पावसाळे फक्त गवताचे: पवन्या, मारवेल, कुसळी. हेक्टरी पाच-सहा किलो बी पुरतं. ते कुसळदार असतं, एकमेकांत गुंततं, म्हणून माती-शेणात कालवून छोट्या गोळ्या करून टाकायचं. गवत धूप थांबवतं, सावली देतं, सेंद्रिय द्रव्य वाढवतं. बोर, खैर, पळस, बाभूळ, करंज नंतर. मोह, तेंदू, धावडा त्यांच्याही नंतर, आणि तेही पुंजक्यांनी. हेक्टरी २५०० म्हणजे दर दोन मीटरवर एक रोप. सगळी जगली तर खाली गवत उरणार नाही, मग चितळ काय खाणार? अमेरिकेत केंटकीच्या पूर्व भागात १९९७ ते २००२ दरम्यान सुमारे दीड हजार एल्क हरणं सोडली गेली. खाणींच्या जागी झालेल्या गवताळ माळांवर ती वाढली. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर हिरवं दाखवतात, पण पंधरा वर्षांनी तिथे दुसरं काही नसतं.

वन्यजीवांसाठी कोणता तुकडा ठेवायचा, हेही जपून ठरवावं. चंद्रपूरला लागून ढिगाऱ्यांवर वेड्या बाभळीचं रान माजलं आणि वाघ-बिबटे थेट वस्तीच्या कुंपणापर्यंत आले. दुर्गापूर भागात माणसं दगावली. जंगलाला जोडलेली बाजू जनावरांना द्यावी. वसाहतीकडची बाजू मोकळी, चाऱ्याची किंवा सौर पॅनलची ठेवावी. पॅनलला घाई नको. भरावाची जमीन काही वर्षं खचत राहते आणि पाये वाकतात.

शेवटच्या खड्ड्यात पाणी साचतंच. छत्तीसगडमध्ये सूरजपूरजवळ केनापारा इथे अशा तलावात मासेपालन आणि नौकाविहार चालतो. पण कडा उभ्या सोडल्या तर पाण्याला आलेलं जनावर घसरून वर येऊ शकत नाही. निदान एका बाजूला, पाण्याची पातळी जिथे वर-खाली होते त्या पट्ट्यात, पाच मीटरला एक मीटर असा उतार कापावा. हे यंत्रं साइटवर असेपर्यंतच होतं. ती गेली की तेवढ्यासाठी कोणी परत आणत नाही.

पुढच्या जूनमध्ये काम सुरू करायचं असेल तर बी या दिवाळीनंतरच्या आठवड्यांत, जवळच्याच माळावरून, कुसळं गळायच्या आत गोळा करावं लागेल. ताजं बी नीट उगवत नाही. कोरड्या पोत्यात काही महिने विसावलेलं उगवतं.