विल्यम वॉलेसचे घराणे शोधताना: माझा अनुभव

नोकरीनिमित्त ग्लासगोला स्थायिक झाल्यावर मी इंग्रजांविरुद्ध लढलेला स्कॉटलंडचा स्वातंत्र्यवीर सर विल्यम वॉलेस याच्या घराण्याचा शोध घ्यायचे ठरवले आणि त्यासाठी एक पथ्य आधीच घालून घेतले. वंशावळीत जे नाते मांडायचे, त्याला त्या माणसांच्या हयातीतला किंवा त्याच्या अगदी लगतच्या काळातला कागद हवा. हे पथ्य कडक वाटेल, पण वॉलेसच्या बाबतीत त्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही. तो एल्डरस्लीच्या सर माल्कमचा मुलगा आणि त्याची आई एअरच्या शेरीफची, म्हणजे राजाच्या परगणा-अधिकाऱ्याची, मुलगी, ही सर्वत्र आढळणारी माहिती ब्लाइंड हॅरी या स्कॉटिश कवीच्या काव्यातून आलेली आहे. वॉलेसला लंडनमध्ये २३ ऑगस्ट १३०५ रोजी देहदंड झाला आणि हे काव्य १४७७ च्या सुमारास रचले गेले, म्हणजे मध्ये जवळजवळ पावणेदोनशे वर्षे गेली. बखरीचे जे करावे तेच मी या काव्याचे केले. ते आस्थेने वाचले, त्यातील नावे टिपून ठेवली आणि अस्सल कागदाशी ताडून पाहीपर्यंत ती बाजूला ठेवली.

मध्ययुगीन स्कॉटलंडमधील सनदा, दानपत्रे आणि त्यांवरील साक्षीदार यांची नोंद करणारा विद्यापीठीय संशोधकांचा एक संग्रह इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. माझी बरीचशी सुरुवात तिथेच झाली. अडचण आली ती आडनावाच्या लेखनाची, कारण लॅटिन कागदांत ते ‘वालेन्सिस’ असे येते, फ्रेंचमध्ये ‘ल वालेज’ असे येते आणि एकाच पिढीत त्याची पाच-सहा रूपे सापडतात. शिवाय पश्चिम स्कॉटलंडमध्ये हे आडनाव लावणारी, एकमेकांशी नाते नसलेली माणसे पुष्कळ होती. म्हणून केवळ नाव जुळले की नाते जुळले, असे इथे म्हणता येत नाही. जमीन कोणती, धनी कोण आणि सोबतचे साक्षीदार कोण, हे तिन्ही पाहावे लागते. बाराव्या शतकात स्ट्यूअर्ट या बड्या सरदार घराण्याच्या पदरी असलेला रिचर्ड वॉलेस याच्या नावावरूनच एअरशरमधील रिकार्टन हे गाव ओळखले जाते, आणि छापील वंशावळींत त्याच्यापासून विल्यमपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या भरलेल्या असतात. मधल्या पिढ्यांना कागदाचा आधार नसल्याने मी त्या पायऱ्या रिकाम्या ठेवल्या.

वडिलांचे नाव मिळाले ते एका व्यापारी पत्रावर. इंग्रजांविरुद्धची स्टर्लिंग ब्रिजची लढाई जिंकल्यानंतर बरोबर एक महिन्याने, ११ ऑक्टोबर १२९७ रोजी, वॉलेसचा सहसेनानी अँड्र्यू मरे आणि विल्यम वॉलेस यांनी हॅडिंग्टनहून ल्यूबेक आणि हॅम्बुर्ग या जर्मन व्यापारी शहरांच्या नगरप्रमुखांना पत्र पाठवले आणि स्कॉटलंडची बंदरे व्यापाऱ्यांसाठी पुन्हा खुली झाल्याचे कळवले. पत्राच्या मजकुरात घराण्याविषयी अवाक्षर नाही. मात्र त्याला लटकवलेली मेणाची मोहर टिकून आहे. तिच्या एका बाजूला स्कॉटलंडचा राजसिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला ताणलेले धनुष्य आहे. या धनुष्याभोवतीच्या कडेवरील झिजलेल्या अक्षरांतून अभ्यासकांनी ‘ॲलनचा पुत्र विल्यम वॉलेस’ असा लॅटिन मजकूर वाचला आहे. मी मोहरेचे छायाचित्र मोठे करून ती अक्षरे एकेक करून पाहिली आणि ॲलन हे नाव लागले तेव्हा मला फार आनंद झाला. स्वतःच्या मोहरेवर माणूस बापाचे नाव चुकीचे कोरून घेणार नाही, म्हणून या एका ओळीपुढे काव्यातील माल्कम मला बाजूला ठेवावा लागला.

मग हा ॲलन शोधणे आले. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडमधील जमीनदारांकडून निष्ठेच्या शपथा लिहून घेतल्या. रॅगमन रोल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या यादीत दीड हजारांहून अधिक नावे आहेत, आणि तिच्यात एअर परगण्यातील, थेट राजाकडून जमीन धरणारा ॲलन वॉलेस आहे. हाच विल्यमचा पिता, असे यादी सांगत नाही. तरी नाव, काळ आणि प्रदेश तिन्ही जुळतात, म्हणून मी त्याला वंशावळीत तुटक रेषेने जोडले आहे. एल्डरस्ली रेनफ्रूशरमध्ये, स्ट्यूअर्टांच्या मुलखात येते. त्यामुळे माझे मत आता एअरशरकडे झुकले आहे.

भावाचा पुरावा एका भांडणातून मिळतो. ऑगस्ट १२९९ मध्ये पीबल्स येथे स्कॉटिश सरदारांची बैठक भरली होती आणि तिचा वृत्तांत इंग्रजांच्या हेराने त्यांच्या ताब्यातील रॉक्सबर्गच्या किल्ल्यावर पोहोचवला. सर विल्यम परवानगीवाचून देश सोडून जात असल्याने त्याची जमीन व मालमत्ता आपल्याला मिळावी, अशी मागणी सर डेव्हिड ग्रॅहमने केली. विल्यमचा भाऊ सर माल्कम याने तिला विरोध केला आणि दोघांनीही खंजीर उपसले. हा वृत्तांत लिहिणाऱ्याला घराण्याशी काही देणेघेणे नव्हते, त्याला केवळ शत्रूमधील फूट कळवायची होती, आणि म्हणूनच ‘भाऊ’ या उल्लेखावर मी निःशंकपणे विसंबतो. काव्यातला माल्कम इथे भाऊ म्हणून भेटतो. आणखी एक भाऊ जॉन याला १३०७ मध्ये लंडनला देहदंड झाला.

विल्यमला ‘सर’ म्हणायला तर दोन स्वतंत्र आधार आहेत: मार्च १२९८ मध्ये टॉर्फिकेनहून त्याने अलेक्झांडर स्क्रिमजरला दिलेली सनद, आणि नोव्हेंबर १३०० मध्ये फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने रोममधील आपल्या माणसांना लिहिलेले शिफारसपत्र. दोन्हींत तो नाइट, म्हणजे ‘सर’ ही पदवी लावणारा योद्धा, म्हणून येतो.

आईच्या बाजूचा शोध अजून सुरू आहे. रेजिनाल्ड क्रॉफर्डची १२९६ मध्ये एअरचा शेरीफ म्हणून नेमणूक झाली होती, हे त्या काळच्या कागदांवरून दिसते. पण त्या घराण्यातील मुलगी ॲलन वॉलेसला दिली होती, असे सांगणारा त्या काळचा कागद मला मिळालेला नाही. तोपर्यंत आईची चौकट मी मोकळी ठेवली आहे आणि तिच्याखाली क्रॉफर्ड हे नाव फक्त पेन्सिलीने लिहिले आहे.