लग्नानंतरचा पहिला नाताळ

आत्ता कुठे पाठ टेकलीय! आठवडाभर फराळाची गडबड. सासूबाईंनी खसखस भाजून करंजीचं सारण केलं आणि मुरड घालायला मला बसवलं. ऑफिसमधून आलेला नवराही बाह्या सरसावून शेजारी बसला, नाकाला पीठ लागलं तरी उठला नाही. फार आवडला मला तेव्हा, इथे सांगतेच!

२४ च्या रात्री मंडळीतल्या तरुणांबरोबर ढोलकी-झांजा घेऊन घरोघरी गाणी म्हटली. सकाळी नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये उपासना, मग दिवसभर पाहुण्यांची रीघ. शेजारच्या काकूंनी दिवाळीत ताट दिलं होतं, आज आमचं त्यांच्याकडे गेलं. दुपारी सोलापूरहून आईबाबा आले आणि डोळे भरलेच.

प्रभू, ही माणसं तू दिलीस, तुझे उपकार मानते. सर्वांना नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा!